तिसरा महिना, लांबचा प्रवास आणि वजनाचा काटा

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत सासू-सासरे, दीर-जाऊ आणि मुलं अशा सगळ्यांनी मिळून केरळला जायचं ठरलं, तर तिकिटं भाद्रपदातच काढून ठेवावी लागतात. मधल्या दोन महिन्यांत घरातल्या सुनेच्या चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, की आखून झालेली सहल पुन्हा चर्चेला येते. पहिल्या तीन महिन्यांत गाडीचे धक्के नकोत, तिकिटं रद्द करा, असं एकाचं म्हणणं. आता दोन जिवांची आहेस, दोघांचं खा, असा दुसऱ्याचा आग्रह. डॉक्टरांनी मात्र पहिल्याच भेटीत उंची-वजन मोजून ‘वजनावर लक्ष ठेवा’ असं बजावलेलं असतं. आणि जिच्याबद्दल हे सगळं चाललेलं असतं तिच्या पोटात सकाळचा चहासुद्धा ठरत नाही. वजन वाढायचं राहिलं बाजूला, काटा अर्धा-एक किलो खालीच सरकलेला दिसतो.

वजन वाढवावं की रोखावं आणि प्रवासाला जावं की जाऊ नये, हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. पण दोन्हींतल्या गोंधळाचं मूळ एकच आहे. पहिल्या तिमाहीतला गर्भ सतत भरवत राहायला हवा आणि जराही हिंदकळता कामा नये, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात या बारा आठवड्यांत गर्भाचं वजन नगण्य असतं आणि ओटीपोटाच्या हाडांमागे तो चांगला सुरक्षित असतो. झपाट्याने बदलत असतं ते आईचं शरीर: तिचं रक्त, शिरा, जठर, साखर, रक्तदाब. खाण्याचे आणि प्रवासाचे निर्णय या बदलांकडे बघून घेतले, तर उत्तरं बरीच स्पष्ट होतात. घरातल्या दोन्ही आग्रहांशी ती पुरती जुळत नाहीत.

बारा आठवड्यांचा गर्भ

गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे ‘सहा आठवडे झाले’ असं डॉक्टर सांगतात तेव्हा गर्भधारणा होऊन चारच आठवडे झालेले असतात. आठव्या आठवड्यात गर्भाची लांबी दीड सेंटिमीटरच्या आसपास असते. बाराव्या आठवड्याच्या सुमारास तो डोक्यापासून माकडहाडापर्यंत साधारण साडेपाच सेंटिमीटर होतो आणि त्याचं वजन जेमतेम १४ ग्रॅम भरतं. एवढ्याशा जिवासाठी आईने दुप्पट जेवण्याला काहीच आधार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या शिफारशींनुसार गरोदर स्त्रीला रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात, आणि तीही दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत. ३५० कॅलरी म्हणजे दोन पोळ्या आणि वाटीभर वरण. पहिल्या तीन महिन्यांत तेवढीही भर लागत नाही.

संपूर्ण गरोदरपणात किती वजन वाढावं याचा जगभर वापरला जाणारा हिशोब अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली मांडला. गरोदर राहण्यापूर्वीचं वजन उंचीच्या मानाने ठीक असेल तर साडेअकरा ते सोळा किलो, कमी असेल तर साडेबारा ते अठरा, जास्त असेल तर सात ते साडेअकरा आणि खूप जास्त असेल तर पाच ते नऊ किलो. यातला पहिल्या तिमाहीचा वाटा अर्धा ते दोन किलो इतकाच धरलेला आहे. त्यातही गर्भाचा भाग ग्रॅममध्ये. बाकीचं वजन आईच्या वाढत्या रक्ताचं, शरीरात साठणाऱ्या पाण्याचं, गर्भाशयाचं, स्तनांचं. एक गोष्ट इथे ध्यानात ठेवायला हवी. वजन भागिले उंचीचा वर्ग, म्हणजे बीएमआय, २५ च्या पुढे गेला की पाश्चात्त्य कोष्टकात वजन ‘जास्त’ ठरतं. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी ही रेघ २३ वर ओढली आहे, कारण तेवढ्याच वजनात आपल्या शरीरात चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून परदेशी कोष्टक वाचून ‘मी बसते यात’ असं परस्पर ठरवू नये.

उलट्यांमुळे काटा खाली गेला तर? वारेतून स्रवणारं एचसीजी हे संप्रेरक आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या दरम्यान शिगेला पोचतं आणि मळमळही साधारण त्याच सुमारास सर्वाधिक असते. पण मळमळीचा मोठा सूत्रधार जीडीएफ-१५ नावाचं दुसरंच संप्रेरक आहे, असं २०२३ च्या डिसेंबरात ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. गर्भ आणि वार मिळून ते तयार करतात आणि ते थेट मेंदूतल्या मळमळीच्या केंद्रावर काम करतं. गरोदरपणाआधी जिच्या रक्तात ते कमी असतं तिला त्याची सवय नसते, म्हणून तिला त्रास जास्त. म्हणजे उलट्या होणं हा मनाचा कमकुवतपणा नाही आणि नाटक तर नाहीच. किलो-दोन किलो वजन कमी झालं तरी चौदाव्या ते सोळाव्या आठवड्यानंतर बहुतेकींचं भरून येतं. मूळ वजनाच्या पाच टक्के घट झाली, म्हणजे साठ किलोच्या बाईचे तीन किलो उतरले, किंवा पाणीही पोटात राहीनासं झालं, तर मात्र तो आजार आहे आणि सलाइन लागू शकतं. अशा अवस्थेत सहलीचा विचारसुद्धा करू नये.

पहिले दहा आठवडे गर्भ कशावर जगतो

इथे कोणी विचारील, आई नीट खात नसेल तर गर्भाची उपासमार होत नाही का? शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर फार सुंदर आहे. आपल्याला वाटतं, पहिल्या दिवसापासून आईचं रक्त वारेत येतं आणि आईने घेतलेला घास तासाभरात गर्भाला पोचतो. पण पहिल्या दहा-बारा आठवड्यांत गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांची वारेकडची तोंडं पेशींच्या बुचांनी जवळजवळ बंद असतात. आईचं रक्त तिथे मोकळेपणी वाहतच नाही. या काळात गर्भाला पोसतो तो गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथींचा स्राव, हे केंब्रिजचे ग्रॅहम बर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिलं. साखर, चरबी, प्रथिनं असं सगळं त्यात असतं. गर्भाची गरज इतकी थोडी असते की आईच्या शरीरात आधीपासून असलेल्या साठ्यावर ती निभावते. कोकणात आगोटीला, म्हणजे पाऊस लागण्याआधी, घरोघर बेगमी करून ठेवतात. तांदूळ, सुकी मासळी, मसाला, लाकूडफाटा असं सगळं भरलेलं असेल तर आषाढात बाजार बंद पडला तरी चूल पेटते. पण जे वैशाखात भरलंच नाही ते आषाढात आणायला जायची सोय नसते. पहिल्या तिमाहीचं पोषण हे असं आहे.

बेगमीत काय हवं याचं सगळ्यात पक्कं उदाहरण फॉलिक अ‍ॅसिडचं. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात ती गर्भधारणेनंतर २८ व्या दिवसापर्यंत मिटते. पाळी चुकली, चाचणी झाली, डॉक्टरांची वेळ मिळाली, तोवर अनेकींच्या बाबतीत ती मिटून गेलेली असते. ज्या स्त्रियांच्या आधीच्या बाळात ही नळी नीट न मिटल्याचं व्यंग होतं त्यांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिल्यावर ते पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं, असं ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९९१ च्या चाचणीत दिसलं. म्हणूनच रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याआधीच सुरू करायला सांगतात. वजन खूप जास्त असेल किंवा मधुमेह असेल तर डॉक्टर मोठा डोस देतात.

मग साठा असला की उपाशी राहिलं तरी चालेल? तसं मुळीच नाही, आणि त्याचा पुरावा इतिहासाने फार क्रूर रीतीने दिला आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. माणशी रोजचा शिधा हजार कॅलरींच्याही खाली गेला. ज्यांच्या आया गरोदरपणाच्या शेवटी या दुष्काळात सापडल्या ती बाळं कमी वजनाची निपजली. ज्यांच्या आया सुरुवातीच्या महिन्यांत सापडल्या त्यांची जन्मवजनं नेहमीसारखीच होती, पण पन्नाशीत पोचल्यावर त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. सुरुवातीचं कुपोषण वजनकाट्यावर उमटत नाही. ते अवयवांच्या घडणीत शिरतं. म्हणूनच पहिल्या तिमाहीत नुसत्या काट्याकडे बघून निश्चिंत होणं चूक, आणि नुसत्या काट्याकडे बघून घाबरणंही चूक.

किती खाल्लं यापेक्षा काय खाल्लं याला वजन द्यावं, असं सांगणारा पुरावा तर आपल्या दारातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास केला. बाळाच्या आकाराचा संबंध आईने खाल्लेल्या एकूण कॅलरींशी किंवा प्रथिनांशी लागला नाही. तो लागला दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं यांच्याशी. पुढे मुंबईच्या वस्त्यांमध्ये झालेल्या प्रयोगात काही स्त्रियांना गरोदर राहण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दुधाचा खाऊ दिला, आणि इतरांना बटाटा-कांद्यासारख्या जिनसांचा. पहिल्या गटात गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास राहिलं, दुसऱ्यात ते बारा टक्क्यांवर गेलं. मेथी, चवळी, माठ, राजगिरा या भाज्या मंडईत रोज मिळतात. तरीही ‘दोघांचं खा’ म्हणताना ताटात वाढ होते ती भाताची आणि तुपाची, याचं वाईट वाटतं.

वजन आधीच जास्त असेल तर

जास्त वजन असलेल्या बाईला वाटतं, आता डॉक्टर बोललेच आहेत तर हेच निमित्त करून वजन उतरवू या. हा उत्साह चुकीच्या वेळी येतो. चरबी वितळवणारं कडक डाएट, सोळा-सोळा तासांचे उपास, कर्बोदकं वर्ज्य करणारे आहार पहिल्या तिमाहीत नकोत, कारण गरोदरपणात उपाशीपोटी साखर नेहमीपेक्षा लवकर खाली येते आणि भूक मारताना फॉलेट, लोह, बी-१२ हेही पोटात जात नाहीत. वजन उतरवण्यासाठी सध्या गाजत असलेलं सेमाग्लुटाइड तर गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी थांबवायचं असतं. ते चालू असताना दिवस राहिले असतील तर लाजून लपवू नये, डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं.

मग करायचं काय? वाढीचा वेग आवरायचा, आणि एवढंच उद्दिष्ट पुरेसं आहे. ३६ चाचण्यांमधल्या बारा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक मोठा अभ्यास आला. गरोदरपणात आहार आणि व्यायाम सांभाळल्याने वजनवाढ सरासरी ७०० ग्रॅमनी कमी राहिली आणि सिझेरियनचं प्रमाणही थोडं घटलं. बाळांना त्याचा अपाय झाला नाही. मधुमेहावरचा परिणाम मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही. मुंबईच्या प्रयोगाशेजारी हे ठेवून पाहिलं तर मला यातून वेळेचा मुद्दा दिसतो: मधुमेहाला अटकाव करायचा तर सुरुवात दिवस राहण्याआधी व्हायला हवी. दिवस राहून गेले असतील तर निदान साखरेची पहिली तपासणी टाळू नये. आपल्याकडच्या सरकारी नियमानुसार ती पहिल्याच भेटीत होते: ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. आकडा १४० किंवा त्याहून वर असेल तर उपचार सुरू होतात. कमी आला तर २४ ते २८ आठवड्यांदरम्यान तपासणी पुन्हा होते.

सहलीच्या आठवड्यात वजन करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रवासात पोट साफ होत नाही, पावलांवर पाणी उतरतं, हॉटेलचं मीठ जास्त असतं. काटा किलोभर वर दिसेल आणि त्यात चरबी जवळजवळ नसेल. या आकड्याला घाबरून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणं हाच त्यातला खरा अपाय.

धक्क्याने गर्भ पडतो का

आता प्रवास. घरातल्या वडीलधाऱ्यांचा विरोध वाऱ्यावरचा नसतो; त्यांनी पाहिलेलं असतं. अमकी लग्नाला गेली, बसने आली, आणि चौथ्या दिवशी गर्भ पडला. प्रसंग खरा, दुःखही खरं. पण कार्यकारण तपासायला हवं. माहीत झालेल्या गरोदरपणांपैकी शंभरात दहा ते वीस गर्भपाताने संपतात आणि त्यांतले बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत. निम्म्याच्या आसपास वेळा गर्भातल्या गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. ही चूक गर्भधारणेच्या क्षणी किंवा त्याच्या आसपास होते, म्हणजे बसचं तिकीट काढण्याच्या कितीतरी आधी. शिवाय गर्भाची वाढ थांबणं आणि रक्तस्राव सुरू होणं यांत अनेकदा काही दिवस, कधी काही आठवडे जातात. त्या मधल्या दिवसांत बाई जे काही करते, मग तो प्रवास असो, जिना असो वा जड बादली, त्याच्यावर दोष येतो. इतक्या स्त्रिया इतके प्रवास करतात की काही गर्भपात कुठल्या ना कुठल्या प्रवासानंतरच होणार. आणि हा दोष शेवटी येऊन बसतो तो तिच्याच माथी. तिने आयुष्यभर ‘मी गेले नसते तर’ म्हणत राहावं, याला विज्ञानाचा आधार नाही.

यावर आणखी एक आक्षेप येऊ शकतो. श्रमाचा काहीच परिणाम नसता तर विश्रांती घ्या असं डॉक्टर का सांगतात? श्रमाचा परिणाम असतो. पुण्याजवळच्या त्याच अभ्यासात शेतावर आणि घरात फार कष्ट करणाऱ्या मातांची बाळं लहान भरली. पण ते कष्ट महिनोन्‌महिने, रोज, अर्धपोटी केलेले होते. एका सहलीची त्याच्याशी बरोबरी होत नाही. गाडीच्या थरथरीपासून गर्भाला पाण्याची पिशवी, गर्भाशयाची जाड भिंत आणि ओटीपोटाची हाडं राखतात. खरी भीती अपघाताची, म्हणून गाडीत मागे बसतानाही पट्टा लावावा: खालचा पट्टा पोटाखालून मांड्यांच्या वर, वरचा दोन्ही स्तनांच्या मधून. ‘पोटावर दाब येईल’ म्हणून पट्टा सोडून बसणाऱ्या बायका दिसतात तेव्हा काळजी वाटते.

धोका पोटरीत आहे

लांबच्या प्रवासाचा खरा धोका ज्याच्याबद्दल घरात कोणीच बोलत नाही असा आहे: पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होणं. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढायचं तर त्याला ढकलणारं कोणीतरी हवं. ते काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की स्नायू आवळतो, शीर दाबली जाते, रक्त वर सरकतं आणि शिरेतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. बसून राहिलं की हे काम थांबतं. रक्त साचतं, आणि साचलेलं रक्त गोठायला बघतं.

गरोदरपणात या कहाणीत दोन गोष्टींची भर पडते. बाळंतपणात होणाऱ्या रक्तस्रावाची तयारी म्हणून शरीर रक्त गोठवणारे घटक आधीपासूनच वाढवतं आणि गुठळी विरघळवणारी यंत्रणा मंदावतं. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शिरांच्या भिंती सैलावतात. परिणामी गुठळीचा धोका एरवीच्या चार-पाच पट होतो, आणि हा बदल पोट दिसायला लागण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या तिमाहीतच सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पाने २००७ साली दाखवलं, की चार तासांहून जास्त बसून केलेल्या प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो. विमान असो, बस, मोटार वा रेल्वे, फरक पडत नाही. जास्त वजनाने त्यात आणखी भर पडते. वजन आणि प्रवास हे दोन प्रश्न जिथे खरोखर एकमेकांना भेटतात ती जागा ही.

याच प्रकल्पात आणखी एक बारीक गोष्ट दिसली. विमानप्रवासात १६० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या माणसांनाही जास्त धोका होता. आपल्याकडच्या बहुतेक बायका याच उंचीच्या. आसन उंच पडतं, पाय जमिनीला पुरते टेकत नाहीत, आणि आसनाची कड गुडघ्यामागच्या शिरेवर दाब देत राहते. उपाय साधा आहे: पायाखाली पिशवी किंवा छोटी बॅग घ्यावी. तासा-दोन तासांनी उठून चालावं, बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करावेत, खिडकी मुलांना द्यावी आणि आपण कडेची जागा घ्यावी. धोका प्रत्यक्षात फार लहान आहे. हजार गरोदर स्त्रियांत एक-दोघींनाच, तोही सगळ्या गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या दिवसांत मिळून. पण आधी कधी गुठळी झालेली असेल, घराण्यात असेल किंवा वजन खूप जास्त असेल, तर पायांना दाब देणारे मोजे किंवा हेपॅरिनचं इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टरांना निघण्याआधी विचारावं. रेल्वे निवडली तर अंग पसरता येतं आणि डब्यातून चालता येतं. गरोदर स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे, त्याच्या अटी तिकीट काढताना बघाव्यात. रात्रभराची बसून करायची बस या सगळ्यांत वाईट.

पाणी न पिण्याची सवय

आपल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. कारण सगळ्यांना ठाऊक आहे: हायवेवरची स्वच्छतागृहं. घरून निघताना अर्धा कप चहा, मग चार तास थेंबही नाही. एरवी निभावून जातं, पण पहिल्या तिमाहीत ही सवय महागात पडते. मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त वाढलेलं असल्याने लघवी जास्त तयार होते. मूत्रवाहिन्या प्रोजेस्टेरॉनने सैल पडलेल्या असल्याने ती रेंगाळते, आणि कोंडून ठेवलेल्या लघवीत जंतू वाढले तर ते वर मूत्रपिंडापर्यंत चढतात. थंडी वाजून ताप येतो, रुग्णालय गाठावं लागतं. आतडीही मंदावलेली असतात. त्यात पाणी नाही म्हटल्यावर बद्धकोष्ठ ठरलेलं. रक्तवाहिन्या सैलावल्याने रक्तदाब या दिवसांत थोडा खाली असतो. देवळाच्या किंवा विमानतळाच्या रांगेत उन्हातान्हात तासभर उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळे. ‘नाजूक आहे’ म्हणून सोडून न देता तिला बसायला जागा द्यावी आणि ताक किंवा पाणी प्यायला द्यावं. दर दीड-दोन तासांनी बऱ्या स्वच्छतागृहापाशी गाडी थांबवायची जबाबदारी सबंध कुटुंबाने घेतली, तर तिला पाणी प्यायला संकोच वाटणार नाही.

चौकट: प्रवास थांबवून दवाखाना गाठावा असं कधी

पोटात एका बाजूला तीव्र कळ, खांद्याच्या टोकाशी दुखणं, भोवळ. रक्तस्राव, मग तो थोडा का असेना. एका पायाची, बहुतेक वेळा डाव्या पायाची, सूज आणि दुखणं. अचानक धाप किंवा छातीत कळ. १०१ च्या पुढे ताप. दिवसभर लघवी न होणं किंवा काहीच पोटात न राहणं. तपासण्यांचे कागद, माता-बाल संरक्षण कार्ड आणि रक्तगट लिहिलेला कागद सामानात न टाकता हातातल्या पर्समध्ये ठेवावा. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर रक्तस्राव झाल्यावर अँटी-डी इंजेक्शनची गरज आहे का, हे डॉक्टर ७२ तासांच्या आत ठरवतात.

कुठे जावं, केव्हा जावं

धक्क्यांनी काही होत नाही तर मग पहिल्या तिमाहीत जायला हरकतच काय? हरकत अंतराची आहे. तीही रस्त्याच्या लांबीची नव्हे, दवाखान्यापासूनच्या अंतराची. शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत गर्भ गर्भाशयात न रुजता बीजवाहिनीत रुजतो. सहाव्या ते आठव्या आठवड्यात बीजवाहिनी फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि तासांत शस्त्रक्रिया लागते. म्हणून माझ्या मते लांबच्या प्रवासाची एकच पक्की अट असावी: आधी सोनोग्राफी होऊन गर्भ गर्भाशयात आहे हे दिसलेलं असावं. त्यानंतर गुंतागुंत नसेल तर केरळच्या प्रवासाला नकार देण्याचं वैद्यकीय कारण उरत नाही. कोची, त्रिशूर, कोट्टायम कुठेही असाल तरी चांगलं रुग्णालय तासाभरात असतं. मात्र निवड हातात असेल तर चौदाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यांमधला काळ सर्वांत सुखाचा. मळमळ ओसरलेली असते, गर्भपाताचा धोका बराच खाली आलेला असतो आणि पोट अजून आड येत नाही. सहल दीड महिना पुढे ढकलता येत असेल तर जरूर ढकलावी.

काही ठिकाणं मात्र वगळावीतच. विमानाच्या आतली हवा साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते, तीही काही तास. निरोगी गरोदर स्त्रीला ती चालते. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे दिवसचे दिवस राहायचं असतं. ते पुढच्या वर्षावर टाकावं. मणिकरण किंवा वज्रेश्वरीला जाणं झालं तर गरम पाण्याच्या कुंडात बसू नये, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत आईच्या शरीराचं तापमान फार वाढलं तर मज्जारज्जूच्या नळीतलं व्यंग वाढल्याचं आढळलं आहे. डास सगळीकडेच सांभाळावेत: २०२१ मध्ये केरळात आणि २०२४ मध्ये खुद्द पुण्यात झिकाचे रुग्ण आढळले, त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. झिका पसरवणारा डास दिवसा चावतो, म्हणून रात्रीच्या मच्छरदाणीवर भागत नाही; अंगभर कपडे आणि डास पळवणारं मलम दिवसाही हवं. पाणी उकळलेलं किंवा सीलबंद प्यावं. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस-ई ही कावीळ गरोदर स्त्रीच्या, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, जिवावर बेतू शकते.

परत आल्यावरही एक काम उरतं. प्रवासाने वाढलेला गुठळीचा धोका घरी पोचल्याबरोबर संपत नाही. तो काही आठवडे टिकतो आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत जास्त असतो. या दिवसांत एक पोटरी दुसरीपेक्षा जाड दिसली, दुखली किंवा गरम लागली, तर ‘फिरून फिरून पाय दुखतायत’ म्हणून तेल लावून चोळू नये. डॉक्टरांकडे जावं आणि प्रवास किती तासांचा होता ते आवर्जून सांगावं. पायाची डॉपलर सोनोग्राफी क्ष-किरणांशिवाय होते, आणि गुठळी सापडली तर दिलं जाणारं हेपॅरिन वार ओलांडून गर्भापर्यंत जात नाही.